एकोणीस दिवस मागे

त्या सगळ्या प्रकरणात मी मोजून दोन वाक्यं बोललो. पहिलं खोटं होतं, दुसरं खरं होतं. दुसऱ्यानं जास्त वाईट केलं. नावं लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

नांदेडच्या आमच्या घरात स्वयंपाकघरामागं कोठीची खोली आहे. आधी तिथं ज्वारीची पोती असायची. मी तिथं सर्व्हर ठेवले. हैदराबादच्या भंगारवाल्याकडून आणलेले, कुठल्यातरी कंपनीनं टाकून दिलेले दोन. मी पॉलिटेक्निकला संगणक शिकवतो; वर्गात जे फळ्यावर काढून दाखवायचो ते घरात खरोखर चालवून बघायची मला हौस. एका लोखंडी डब्यात पाच-सहा संगणक चालवायचे, प्रत्येकाला वाटावं आपणच एकटे आहोत. एका घरात पाच बिऱ्हाडं, आणि कुणाला कुणाचा आवाज नाही. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. बायको त्या खोलीला माझी सवत म्हणायची. "सवतीला कूलर, अन् आम्हाला पंखा," असं पाहुण्यांसमोर म्हणायची.

सासरकडं या हौसेची चेष्टाच होती. सासरची माणसं शिकलेली, पैसेवाली. अर्धापूरकडं केळीच्या बागा. मी मास्तर, तोही भंगार विकत घेणारा. ही चेष्टा थांबली ती माझ्या मेव्हण्यामुळं. तो डॉक्टर. बायकोचा धाकटा भाऊ. सकाळी अर्धापूरला दवाखाना, संध्याकाळी नांदेडला. पेशंटचे केसपेपर एकीकडं आणि डॉक्टर दुसरीकडं, असा घोळ रोजचा. लोक आपला कागद घरी न्यायचे आणि येताना हरवून यायचे.

"दाजी," तो एकदा जेवताना म्हणाला, "तुमच्या त्या डब्यात माझा दवाखाना मावंल का?"

मावला. मी एक मशीन दवाखान्यासाठी उभं केलं, दोन्ही गावांहून त्याला जोडणी दिली. इकडं लिहिलेलं तिकडं दिसायला लागलं. डॉक्टर खूश झाला. आणि मी, खरं सांगायचं तर, त्याच्याहून जास्त.

लिहायचं काम सिस्टरकडं होतं. अर्धापूरच्या दवाखान्यात ती डॉक्टरच्या आधीपासून, म्हणजे त्याच्या वडलांच्या काळापासून होती. मूळची उदगीरची. पन्नाशी ओलांडलेली, एकटी, कामाला चोख. तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम एक लाल पेन असायचं. कुणाला एखादं औषध सोसत नसेल तर केसपेपरच्या डोक्यावर ती लाल शाईनं लिहायची आणि खाली दोन रेघा मारायची. अख्ख्या गावाला ती लाल रेघ माहीत होती. बायका एकमेकींना विचारायच्या, तुझ्या कागदावर लाल हाय का गं?

मी तिला संगणक शिकवला. आठ-दहा रविवार अर्धापूरला जाऊन. लाल शाईच्या जागी स्क्रीनवर लाल पट्टी करून दिली. पेशंटचं नाव उघडलं की आधी तीच दिसेल अशी. ती बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायची, मग सेव्ह केल्यावर खाली हिरवं अक्षर येईपर्यंत स्क्रीनवरून नजर काढायची नाही.

"सर, ही लाल पट्टी पुसून तर जाणार न्हाई ना?"

"सिस्टर, कागद भिजतो, फाटतो. हे जात नाही."

"बघा हं. तुमच्या शब्दावर पेन खिशातून काढून ठेवून राहिले मी."

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली. वार मंगळवार. टाकण्याआधी स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे मशीन या क्षणाला जसं आहे तसं गोठवून ठेवायचं; पुढं काही बिघडलं तर एका बटणासरशी त्या क्षणाला परत जायचं. मधे जे काही झालं ते मात्र सगळं जातं. म्हणून काम नीट झालं की स्नॅपशॉट पुसून टाकायचा असतो, आणि रोजचा बॅकअप वेगळ्या जागी घ्यायचा असतो. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. परीक्षेत विचारतो.

मी तो पुसला नाही. राहिला तर राहू दे, आधार असतो, असं वाटलं. पण ठेवलेला स्नॅपशॉट वाढत जातो, पोटात पाणी होत जावं तसा. आणि माझ्या डिस्कवर मुळात जागाच कमी होती. सगळ्या मशीनना मिळून मी होती त्यापेक्षा जास्त जागा वाटून ठेवली होती. सगळे असं करतात. सगळे एकदम मागायला येत नाहीत तोवर ते चालतं.

सर्व्हर रोज सकाळी मला मेल पाठवायचा. जागा भरत आली. जागा फार भरत आली. त्या मेल आपोआप एका फोल्डरात जाव्यात अशी सोय मीच करून ठेवली होती. फोल्डरचं नाव 'नंतर'. अकराव्या दिवशी मी सहज बॅकअपची यादी उघडली तर त्या मंगळवारनंतरच्या सगळ्या ओळींसमोर लाल फुल्या. जागा नाही म्हणून बॅकअप झालेला नव्हता. कॉलेजात पेपर तपासणी चालली होती. रविवारी बघू म्हटलं, आणि खोलीचं दार ओढून घेतलं. तो रविवार गेला. पुढचे आठ दिवस मी त्या खोलीत गेलो नाही. दारावरून जाताना आतली घरघर ऐकू यायची आणि मी पाय उचलायचो.

त्यानंतरच्या रविवारी लातूरला लग्न होतं, बायकोच्या चुलतभावाचं. डॉक्टर आदल्या दिवशीच गेला होता. आम्ही बाराला निघणार होतो. साडेदहाला सिस्टरचा फोन आला. रविवारी ती एकटीच दवाखाना उघडून ड्रेसिंगवाल्यांना बघायची.

"सर, स्क्रीन थांबली. काहीच उघडंना."

खोलीत गेलो. डिस्क काठोकाठ भरली होती. दवाखान्याचं मशीन मधेच बंद पडलं होतं, आणि बंद पडताना त्याच्या नोंदींची मोडतोड झाली होती. चालू करून पाहिलं, उठेना. अशा वेळी काय करायचं ते मला पक्कं ठाऊक होतं. आहे ते, मोडलेलं का असेना, आधी बाहेर काढून ठेवायचं. मग शांतपणे दुरुस्ती. त्याला दिवस गेला असता, कदाचित दोन. लग्न बुडालं असतं, आणि का बुडालं ते सासरी सांगावं लागलं असतं.

बायको दारात. "सासूबाई गाडीत बसल्यात म्हणं तुमच्या. निघायचं का सवतीजवळच राहायचं?"

मी स्नॅपशॉटवर परत जायचं बटण दाबलं. स्क्रीननं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. दोन मिनिटांत मशीन उठलं. सगळं हिरवं. शेवटचा पेशंट उघडला, तर तारीख त्या मंगळवारची.

एकोणीस दिवस गेले होते. मोडकेही उरले नव्हते. परत जाताना ते पुसलेच जातात. हे मला बटण दाबताना माहीत होतं का? लोकांनी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो. माहीत होतं.

सिस्टरला फोन केला. "झालं सुरू."

"बरं झालं सर. मला वाटलं माझ्याच हातून काही दाबलं गेलं."

लातूरच्या मंगल कार्यालयात डॉक्टर फेटा बांधून दारातच उभा होता. मी गाडीतून उतरताना ठरवलं होतं, त्याला बाजूला घ्यायचं आणि सांगायचं. एवढंच सांगायचं की एकोणीस दिवसांचे पेशंट परत येतील तेव्हा सगळं नव्यानं विचार. पण त्यानं माझा हात धरला आणि मला चार-पाच डॉक्टर मित्रांच्या घोळक्यात नेलं.

"हे आमचे दाजी. माझा अख्खा दवाखाना यांच्या कोठीच्या खोलीत हाय. महिन्याला एक रुपाया घेत न्हाईत."

"मग घेतात काय?" एकानं विचारलं.

"माझी बहीण घेतली की आधीच."

सगळे हसले. माझे चुलत सासरे, ज्यांनी मला एकदा भंगार-मास्तर म्हटलं होतं, त्यांनी स्वतः उठून मला खुर्ची दिली. मी बसलो. अक्षता टाकल्या, जेवलो, मठ्ठा दोनदा घेतला. बोललो नाही.

सोमवारी सकाळी सिस्टरचा फोन.

"सर, नंबर मागं कसे गेले? परवा शेवटच्या पेशंटला दिलेला नंबर लई पुढचा होता. आज मशीन जुनाच नंबर देऊन राहिलं."

तेव्हा मी पहिलं वाक्य बोललो. "नव्या आवृत्तीत नंबर पुन्हा लावलेत सिस्टर. तुम्ही पुढं चला."

"बरं," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "हाव, बरं."

त्या आठवड्यापासून लोक यायला लागले. मागच्या पंधरवड्यात येऊन गेलेले. पावती हातात, आणि स्क्रीनवर नोंद नाही, किंवा दुसऱ्याचीच. डॉक्टर वैतागला. बुधवारी त्याचा फोन आला.

"दाजी, नोंदी सापडंनात. तुमच्याकडं काही गडबड?"

"मशीन तर ठीक आहे," मी म्हणालो.

हे ते दुसरं वाक्य. मशीन ठीक होतंच. डॉक्टर म्हणाला, "मग सिस्टर सेव्ह करीत नसंल. वय झालं तिचं." मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. "असं होतं कधीकधी," असं काहीतरी पुटपुटलो.

पुढचा दीड महिना मी कसा काढला ते सांगता येत नाही. सर्व्हरला नवी डिस्क घातली, बॅकअप दोन ठिकाणी ठेवले, मेल थेट फोनवर यायला लावले. रोज बघायचो. सगळं हिरवं असायचं. पण त्या एकोणीस दिवसांत लाल पट्ट्या किती लिहिल्या गेल्या असतील? चार? सहा? अर्धापूरला, आसपासच्या गावांत, कोण्या घरी ती माणसं होती, आणि त्यांना ताप येणार होता, खोकला येणार होता, आणि ती दवाखान्यात येऊन बाकावर बसणार होती. डॉक्टरचं नाव फोनवर उमटलं की मी रिंग पुरी वाजू द्यायचो, मग उचलायचो. तो विचारायचा, रविवारी मटण हाय, येता का?

एकदा मी कामाचं निमित्त काढून दवाखान्यात गेलो. शेजारच्या मेडिकलवाल्याकडं जुन्या चिठ्ठ्या आहेत का विचारावं असा बेत होता. सिस्टर स्क्रीनसमोर बसली होती. समोर एक वही, मांडीवर दुसरी.

"हे काय सिस्टर?"

"दोनदा लिहून ठेवते सर. आधी वहीत, मग मशीनमधी, मग टिक करते. डॉक्टर म्हणतात माझ्या ध्यानात राहत न्हाई." हसली. "माझ्या आईचंबी असंच झालं होतं. शेवटी शेवटी ती मला बाई, तुम्ही कोण, म्हणून विचारायची."

मी मेडिकलमध्ये गेलो नाही. सरळ स्टँडवर आलो आणि मिळाली ती बस धरली.

श्रावणात ते झालं. मला ते डॉक्टरनं सांगितलं, त्याच संध्याकाळी, आमच्या ओसरीवर बसून. केळीच्या बागेत कामाला जाणारी एक बाई, अंगात सणकून ताप, अर्धवट शुद्धीत. शेजारणीनं आणून सोडलेली. मागं जून लागायच्या आधी तिला याच दवाखान्यात एक इंजेक्शन दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या. ते आता कुणाला माहीत नव्हतं. सिस्टर सोडून.

"सिस्टर म्हणली, हिला मी लाल लिहिलं होतं वाटतं," डॉक्टर सांगत होता. "मी स्क्रीन बघितली. काही न्हाई. तिची वही बघितली, त्यात न्हाई."

ती वही एकोणीस दिवसांनंतरची होती.

"मग?" मी विचारलं.

"मी म्हणलो, सिस्टर, तुम्हाला सारखं वाटतंच असतं. ती म्हणली, हाव, मला हल्ली काय ध्यानात राहत न्हाई. अन् तिनंच इंजेक्शन भरलं."

बाईचा गळा सुजला, श्वास अडकला. डॉक्टरनं जवळ होतं ते सगळं केलं, गाडीत घालून नांदेडला आणलं. चार दिवस ती आयसीयूत काचेमागं होती. वाचली. पण दुसऱ्या दिवशी तिचा नवरा दवाखान्यात येऊन भरल्या बाकांसमोर म्हणाला, "मागच्या टायमाला या बाईनंच सांगितलं होतं, लाल लिहिते, काळजी करू नका. कुठं हाय लाल?" सगळ्यांनी सिस्टरकडं पाहिलं.

डॉक्टर वाईट माणूस नाही. त्यानं तिला एवढंच म्हटलं, थोडे दिवस घरी आराम करा. ती उदगीरला भावाकडं गेली ती परत आली नाही. जाताना ॲप्रन धुवून, इस्त्री करून खुर्चीवर ठेवून गेली.

आणि मी? मी डॉक्टरला चहा दिला. "तुझी काय चूक," असं म्हणालो.

दीड वर्ष गेलं. दवाखाना माझ्याच मशीनवर चालू होता. एक पोरगी आता टायपिंगला होती, चटाचट लिहायची. मागच्या हिवाळ्यात बायको माहेराहून आली आणि भाजी निवडता निवडता म्हणाली, "सिस्टरला लातूरला मेंदूच्या डॉक्टरकडं दाखवलं म्हणं. विसरायच्या गोळ्या चालू हायत. तिचा भाऊ तिला एकटं बाहेर सोडत न्हाई."

"रिपोर्टमध्ये काय निघालं?"

"कुठं काय निघालं. पण तीच म्हणती ना, मला विसर पडतो म्हणून."

मी हातातलं काम सोडून कोठीच्या खोलीत गेलो आणि दार लावून उभा राहिलो. त्या बाईचा गळा सुजला तेव्हाही मी स्वतःला समजावलं होतं की ती वाचली ना. आता समजवायला काही सापडेना. शहाण्या बाईला मी वेडाच्या वाटेला लावलं होतं आणि ती मुकाट चालत निघाली होती, कारण मला सर म्हणायची.

रविवारी एसटीनं उदगीरला गेलो. घरी, कॉलेजचं काम आहे, म्हणालो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा उतरावं आणि परतीची बस धरावी असं दोनदा मनात आलं. स्टेशनकडच्या वस्तीत तिच्या भावाचं घर होतं. दार त्यानंच उघडलं. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, खाली ताजा हार. सिस्टर आतून आली. वाळली होती. मला ओळखायला तिला जरा वेळ लागला, की तिनं लावला, मला कळलं नाही.

"सर हायत ना तुम्ही? दवाखान्याचे?"

"हो."

"विचारून घेतलेलं बरं." तिनं भावाकडं पाहिलं. "मी बरोबर ओळखलं का?"

भाऊ म्हणाला, "बरोबर अक्का."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. मंगळवार, स्नॅपशॉट, फुल्या, बटण, लग्न, दोन वाक्यं. मधे पाणी आलं ते प्यायलो नाही. तिनं एकदाही अडवलं नाही. मग तिनं विचारलं,

"म्हणजे मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतं."

"हिरवं अक्षर आलं होतं."

"आलंच असणार सिस्टर. तुम्ही त्याशिवाय उठत नव्हता."

"त्या बाईला इंजेक्शन देताना माझा हात थांबला होता," ती म्हणाली. "हात बरोबर थांबला होता सर. मी त्याला पुढं केलं."

भाऊ उठून उभा राहिला. "मास्तर, हिला मी लातूरला चार खेपा घालून नेलं. त्या गोळ्यांनी ही दिवसभर झोपून राहती. गॅस चारदा बघती. दाराची कडी सहादा. तुम्ही काय सहलीला आलात का इथं सांगायला?"

"बस तू," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "डॉक्टरांना सांगितलं?"

"नाही. आधी तुम्हाला..."

"मला सांगून काय उपयोग सर? मी माझंच ऐकत न्हाई आता. उद्या सकाळी उठले की वाटंल, सर आले होते का, का मलाच वाटलं?" हे ती शांतपणे म्हणाली, एखाद्या पेशंटची तक्रार सांगावी तशी. "त्यांना सांगा. आत्ता. माझ्यासमोर. ह्याच्यासमोर."

मी म्हणालो, घरी जाऊन नीट सांगतो. मोबाइल तिच्या हातात होता. तिनं नंबर शोधला नाही. एकेक आकडा बोटानं दाबत गेली, मधे एकदाही न थांबता, आणि आवाज मोठा करून फोन माझ्यासमोर टीपॉयवर ठेवला.

पलीकडून डॉक्टरचा आवाज आला. "सिस्टर? अहो किती दिवसांनी. तब्येत कशी हाय?"

"डॉक्टर, मी बोलतोय," मी म्हणालो.

"दाजी? तुम्ही तिकडं काय करून राहिलात?"

सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं होतं तेवढं चांगलं सांगता आलं नाही. वाक्यं उलटीसुलटी झाली. लग्नाचं सांगताना तो मधे फक्त "लातूरला?" एवढं म्हणाला. पलीकडं मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली.

मग तो म्हणाला, "तुम्ही सरका. सिस्टरला द्या."

तिनं फोन उचलला, मोठा आवाज बंद केला, कानाला लावला आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. आतून तिचं बोलणं ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते. एकदा तिचा आवाज चढला. दवाखान्यात रांग मोडणाऱ्यांवर ती जशी चढायची तसा. मग ती बराच वेळ ऐकत असावी.

भाऊ दारात उभा होता, माझ्याकडं पाठ करून. मी विचारलं, "मी थांबू का?"

"थांबा की," तो म्हणाला. "ती काय सांगती ते ऐकूनच जा."

मी बसून राहिलो.